माय संमेलनाला आली

गोष्ट १९९३ सालची आहे. तीस वर्षांवर काळ लोटला, पण त्या दिवशी मी मायला बोललेले एक वाक्य अजून माझ्या कानातून गेलेले नाही. ते वाक्य मी आज लिहून टाकणार आहे. लिहिल्याने ते पुसले जाईल असे नाही, पण वाचणाऱ्या एखाद्या शिकलेल्या लेकीच्या तोंडून ते पुन्हा निघू नये, एवढीच इच्छा आहे.

त्या वर्षी वर्धेला पहिले अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन भरले होते आणि अध्यक्ष होते वामनदादा कर्डक. आमच्या गिरडच्या वस्तीत ही बातमी पोहोचली तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. गिरड म्हटले की लोकांना टेकडीवरचा शेख फरीद बाबांचा दर्गा आठवतो. सर्व जातिधर्मांचे लोक तिथे येतात, नवस बोलतात आणि तिथले सुपारी-जायफळासारखे गोल दगड कुतूहलाने पाहतात. टेकडीच्या पायथ्याशी गाव आहे आणि गावाच्या एका अंगाला आमची वस्ती. वस्तीतले बहुतेक सगळे शेतमजूर. निंदण, कापूस वेचणी, तुरीची कापणी, आणि काम नसेल तेव्हा उधारी, असे आमचे वर्ष जायचे.

मी तेव्हा हिंगणघाटला बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला होते. वस्तीतून कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी. त्याचा मला अभिमान होता, आणि खरे सांगायचे तर थोडी घमेंडही होती. कॉलेजातली आम्ही चार-पाच मुले-मुली संमेलनाला जायला निघालो. आदल्या रात्री माय भाकरी थापता थापता म्हणाली, "मी पण येते व. दादाले एकदा पाहून घेतो. उद्याची मजुरी गेली तं गेली."

मी म्हटले, "माय, ते संमेलन आहे, गाण्याचा कार्यक्रम नाही. साहित्याची चर्चा असते. तिथं तुले काय समजन?"

हेच ते वाक्य. माय काही बोलली नाही. तिने तव्यावरची भाकर उलटली. सकाळी मी उठले तेव्हा माझ्यासाठी भाकरी-चटणी फडक्यात बांधून ठेवलेली होती आणि माय कामावर निघून गेली होती.

आता ही माय कोण, ते सांगितले पाहिजे. मायला अक्षर ओळखता येत नाही. पण आमच्या वस्तीत भीमजयंती असो, बुद्धपौर्णिमा असो, कोणाच्या घरी नामकरण असो, पहिले गाणे मायचे. गळा फार गोड आहे असे नाही. थोडा घोगराच आहे. पण ती उभी राहिली की बाया आपोआप टाळ्यांचा ठेका धरत. वामनदादांची किती गाणी तिला पाठ होती, याची मोजदाद कोणीच केली नव्हती. तिने ती कुठे ऐकली? रेडिओवर नव्हे. त्या काळी ही गाणी गावोगाव फिरणाऱ्या गायन पार्ट्या आणत. पेटी, ढोलक, एक-दोन झीलकरी आणि पेट्रोमॅक्सची बत्ती, एवढाच त्यांचा पसारा. दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमीला गाण्यांची छोटी पुस्तके रुपया-दोन रुपयांत मिळत. वस्तीतला एखादा शिकलेला पोरगा ते एकदा वाचून दाखवी आणि निंदणाच्या पाळीत बाया ते पाठ करून टाकत. एकीने अर्धी ओळ विसरली तर दुसरी पुरी करी. टेकडीवरून रात्री कव्वालीचे सूर खाली येत, ती चालही मायने उचलली होती आणि आपल्या गाण्याला लावली होती.

म्हणजे ज्या कवीला पाहायला मी वर्धेला चालले होते, तो कवी मला मायनेच दिला होता. मी पाळण्यात असल्यापासून त्याची गाणी ऐकली ती मायच्या तोंडून. आणि मीच तिला म्हणाले, तुले काय समजन!

वर्धेला मी मंडपात खूप मागे बसले होते. दादा लांबून दिसले. गर्दी मोठी होती. भाषणे मी वहीत उतरवून घेतली. घरी आल्यावर मायने विचारले, "दादा कसे दिसते? उंच आहेत का? कपडा कसा होता? बायांनं काही म्हटलं का तिथं?" मी तिला 'परिसंवाद', 'भूमिका', 'मूल्ये', 'ठराव' असे वहीतले शब्द ऐकवले. दादांचा कपडा कसा होता ते मी पाहिलेच नव्हते. माय म्हणाली, "चांगलं झालं," आणि चुलीकडे वळली.

पुढे माझे लग्न झाले. मी अंगणवाडीत लागले. मुले झाली. १५ मे २००४ रोजी वामनदादा गेले. ती बातमी मायला कोणी तरी पेपर वाचून सांगितली. मी माहेरी गेले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "राह्यलंच मग पाहाचं." त्यात माझ्यावर ठपका नव्हता. पण मला तो लागला, आणि लागायलाच हवा होता.

अंगणवाडीत आल्यावर मला वामनदादांची एक गोष्ट वाचायला मिळाली. दादा सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. जन्म १९२२ सालचा. लहानपणी शाळा मिळाली नाही. मुंबईत कामगार वस्तीत राहायला आल्यावर, चांगले जाणते झाल्यावर ते अक्षर शिकले. एकाने त्यांच्याकडे पत्र वाचून घ्यायला दिले आणि ते वाचता आले नाही, याचे दुःख त्यांना झोंबले होते असे सांगतात. हे वाचले त्या दिवशी मला रात्री झोप लागली नाही. ज्या संमेलनाचा अध्यक्ष असा माणूस होता, त्या संमेलनात माझ्या मायला काही समजणार नाही असे मी ठरवून टाकले होते.

२०२३ साली वर्धेला पुन्हा संमेलन आले. एक नव्हे, दोन. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ९६ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन, अध्यक्ष न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर, आणि त्याच गावात ४ व ५ फेब्रुवारीला १७ वे विद्रोही साहित्य संमेलन, अध्यक्ष चंद्रकांत वानखडे. माझी मुलगी तेव्हा वर्धेला शिकत होती. तिने फोन केला, "आई, तू ये, आणि आजीला घेऊन ये." मी मायला विचारले. वाटले, ती म्हणेल आता गुडघे दुखतात, राहू दे. पण ती म्हणाली, "मंग कधी निघाचं?"

मायचे वय तेव्हा सत्त्याहत्तर. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीत तिकीट लागत नाही, ही सवलत २०२२ च्या ऑगस्टपासून सुरू झालेली. त्यामुळे ती कंडक्टरसमोर आधारकार्ड असे धरायची, जसे काही ते निमंत्रण आहे. अंगावर पांढरी साडी. १९५६ साली दीक्षेला ती दहा वर्षांची होती. आईबापाच्या मागे ती पांढऱ्या कपड्यात नागपूरला गेली होती. तेव्हापासून मोठ्या कामाला जायचे तर पांढरी साडी, हा तिचा नियम आहे. दरवर्षी जानेवारीच्या शेवटी चिमूर तालुक्यातल्या रामदेगीला संघारामगिरीवर जाते तीही पांढऱ्या साडीतच.

गाडीत तिने मला विचारले, "एकाच गावात दोन संमेलनं काहून?"

मी तिला सांगत गेले. १८७८ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने ग्रंथकारांची पहिली सभा भरली. १८८५ साली पुन्हा भरली तेव्हा जोतिबा फुल्यांना बोलावणे गेले. जोतिबांनी पत्र लिहून कळवले की, जे लोक सर्व माणसांचे हक्क मनापासून मानत नाहीत त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही. पुढे २ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन झाले. त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठ्यांनी केले, ज्यांना शाळा दोन दिवसही धड मिळाली नव्हती. १९९९ साली धारावीत पहिले विद्रोही संमेलन भरले, अध्यक्ष बाबुराव बागूल. सरकारी पैशावर नव्हे, एक मूठ धान्य आणि एक रुपया असे लोकांकडून मागून ते भरवायचे, अशी रीत पडली.

माय खिडकीबाहेर पाहत ऐकत होती. मग म्हणाली, "जोतिबाले बोलावलं तरी तो गेला नाही. अन् मले कोणी बोलावलं नव्हतं, तरी मी निघाली होती."

आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. मी हसले नाही. तीस वर्षांत ती पहिल्यांदाच त्या गोष्टीला शिवली होती. पण तेवढेच. पुढे हिंगणघाट येईपर्यंत ती पिकांवर बोलत राहिली.

मंडपात आम्ही पुढे, मायला खुर्चीची सवय नाही म्हणून सतरंजीवर बसलो. भाषणे सुरू झाली. माय मान डोलवायची, पण मधूनच माझ्या कानाला लागायची. "परिवर्तन म्हणजे काय व?" मी म्हटले, बदल. "मंग बदल काहून नाही म्हनत?" थोड्या वेळाने, "विषमता?" मी म्हटले, एकाला जास्त, एकाला कमी. "हां. ते तं मी सांगतो त्याले." पुढे ती झोपली. खांद्यावर डोके टाकून निवांत झोपली. मला आधी संकोच वाटला. नंतर पाहिले तर आमच्या आसपासच्या दोन आजीबाईही डुलक्या घेत होत्या. पहाटे उठून, गाड्या बदलून आलेली म्हातारी माणसे. झोपली तरी आली होती.

शाहिरी सुरू झाली, डफावर थाप पडली आणि माय ताडकन जागी झाली. डोळे पुसले, पदर सारखा केला आणि टाळीचा ठेका धरला. भोवतालच्या बायांनी धरला. तिथे कोणी तिला स्टेजवर बोलावले नाही, बोलावण्याचे कारणही नव्हते. पण गाणाऱ्या पोरांच्या मागून ती प्रत्येक ध्रुपद म्हणत होती, आणि जे गाणे नवे होते ते दुसऱ्या कडव्याला तिने उचललेले असायचे. माझी मुलगी गाणाऱ्यांकडे पाहायचे सोडून आजीकडेच पाहत बसली.

अनेक संमेलनांना मी गेले आहे, तेव्हा एक अनुभव सांगते. आपल्याकडच्या कार्यक्रमांत भाषणे नेहमी लांबतात आणि कापला जातो तो वेळ गाण्याचा. जणू भाषण म्हणजे जेवण आणि गाणे म्हणजे बडीशेप. पण बाबासाहेबांचा विचार खेड्यात, निंदणाऱ्या बाईपर्यंत कोणी नेला? १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांचे जलसे नाशिक-मुंबईकडे फिरत होते. पुढे वामनदादा आणि त्यांच्यासारखे शेकडो गायक गावोगाव पायपीट करत राहिले. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांचे पुस्तक, वर्तमानपत्र आणि शाळा हे गाणेच होते. आता आम्हाला वाचता येते, तर आम्ही गाण्याला खालच्या पंगतीत बसवतो. ही चूक मी स्वतः केलेली असल्याने हक्काने सांगते.

दुपारी पुस्तकांच्या दुकानांपुढे माय थांबली. एकेक पुस्तक हातात घेऊन वरचे चित्र पाहायची आणि विचारायची, हे कोणाचं? वामनदादांच्या गाण्यांचे पुस्तक हातात आले तेव्हा तिने ते खाली ठेवलेच नाही. मी पैसे द्यायला पर्स उघडली तर म्हणाली, "तू नको देऊ." पदराची गाठ सोडली, दुमडलेल्या नोटा काढल्या आणि मोजून दिल्या. आयुष्यात तिने विकत घेतलेले हे पहिले पुस्तक. दुकानदार पोरगा म्हणाला, "आजी, वाचता येते का?" माय म्हणाली, "मले नाही येत. पण इले शिकोलं ना मी," आणि माझ्याकडे बोट केले.

दुसऱ्या दिवशी माघ पौर्णिमा होती. आम्ही संध्याकाळी गिरडला परतलो. विहारात वंदना झाली, दिवे लागले आणि वस्तीतल्या बाया मायभोवती जमल्या. काय पाहिलं, काय ऐकलं? या वेळी मी गप्प बसले. मायने सांगितले. कोणत्या गाण्याची चाल कशी होती, डफवाला पोरगा कसा नाचत वाजवत होता, बाया किती होत्या, जेवायला काय होते, आणि एका भाषणात काय सांगितले. ती भाषणात झोपली होती हे मला ठाऊक होते. पण जागेपणी ऐकलेल्या पाच मिनिटांतले तिने असे नेमके सांगितले की माझ्या १९९३ च्या वहीत तेवढे नव्हते.

मग पुस्तकाचे वाचन सुरू झाले. रोज रात्री जेवणे झाली की मी किंवा शेजारची एखादी मुलगी एक-दोन गाणी वाचायची. माय मधेच थांबवायची. "असं नाही, आम्ही वेगळं म्हनत होतो." कधी शब्द निराळा, कधी एक कडवेच निराळे. तोंडोतोंडी आलेल्या गाण्याचे असे होतेच. पण चार-पाच दिवसांनी एक वेगळाच प्रकार लक्षात आला. तिची जी आवडती गाणी, जी ती 'दादाचं गाणं' म्हणून चाळीस वर्षे म्हणत आली, त्यातली काही पुस्तकात सापडेनात. मी अनुक्रमणिका दोनदा पाहिली. ओळखीच्या एका गायकाला फोनवर ती गाणी ऐकवली. तो म्हणाला, "ही दादांची वाटत नाहीत, ताई. यात तुमच्या गिरडचा नाला आहे, समुद्रपूरचा बाजार आहे."

मी मायला विचारले, "ही गाणी कोणाची?"

माय बराच वेळ आठवत राहिली. मग म्हणाली, "एक तुह्या आजीनं जोडलं व्हतं. जात्यावरचं आहे ते. एक निंदणात जोडलं, आम्ही पाच-सहा बाया व्हतो. अन् ते रमाईचं..." इथे ती थांबली आणि लाजली. सत्त्याहत्तर वर्षांची माझी माय नव्या नवरीसारखी लाजली. "ते मीनंच जोडलं. तू पोटात व्हती तवा."

"मग दादांचं आहे असं का सांगत होतीस?"

"माहं म्हटलं असतं तं कोणी म्हटलं असतं का? दादाचं म्हटलं का साऱ्या बाया म्हनत."

मी त्यावर काही बोलू शकले नाही. शेवटी धीर करून म्हणाले, "माय, १९९३ साली मी तुला एक बोलले होते. तिथं तुले काय समजन, असं."

"हाव. म्हटलं व्हतं तू."

"माझं चुकलं."

माय पुस्तकाच्या कव्हरवरून हात फिरवत होती. म्हणाली, "तवा मले समजलंच नसतं, ते तू खरंच बोलली. पण बाई, बसाले काय समजाले लागते? बसलं तं समजते हळूहळू."

तिने मला माफ केले की नाही ते मला माहीत नाही. तिच्या हिशेबात माफ करण्याजोगे काही होते की नाही, तेही ठाऊक नाही. पण त्या रात्री पुस्तक तिच्या उशाशी होते.

दुसऱ्या रविवारी माझ्या मुलीने फोनवर आजीची गाणी भरून घ्यायला सुरुवात केली. आम्ही ती वहीत उतरवत आहोत. त्रेचाळीस झाली. त्यातली वस्तीतल्या बायांनी स्वतः जोडलेली सतरा. बाकीची कोणाची, ते एकेक विचारून पाहतो. ज्यांच्यासोबत ती जोडली त्या बायांपैकी दोघीच आता हयात आहेत. एक बुटीबोरीला लेकाकडे असते. तिला फोनवर ऐकवले तर ती पलीकडून रडायला लागली आणि मग पुढचे कडवे तिनेच पुरे केले. ते मायला आठवत नव्हते.

वहीवर नाव कोणाचे घालायचे, असे मुलीने विचारले. माय म्हणाली, "माह्या एकटीचं नको घालू. साऱ्याच व्हत्या."

असे काम मोठ्या प्रमाणावर झालेलेही आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या आपल्या भगिनींनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही आहेत. 'पारी' या संस्थेने त्या आवाजासह जपल्या आहेत. पण प्रत्येक वस्तीत कोणी संशोधक येईलच असे नाही. गिरडला आला नाही. जाते केव्हाच गेले, निंदणाच्या जागी तणनाशकाची फवारणी आली, एकत्र कामाच्या पाळ्या मोडल्या. गाणे जोडण्याची जागाच उरली नाही. राहिल्या आहेत त्या फक्त म्हाताऱ्या आणि त्यांच्या आठवणी.

तेव्हा वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, एक विनंती आहे. तुमच्या घरी आई, आजी, सासू, आत्या असेल, तर येत्या पौर्णिमेला विहारातून आल्यावर तिला गाणे म्हणायला सांगा. म्हणून झाले की विचारा, हे कोणी जोडलं? ती सांगेल, दादाचं आहे. तेवढ्यावर उठू नका, थोडे बसा. आणि पुढचे संमेलन जिथे असेल तिथे जाताना तिलाही सोबत न्या. ती भाषणात झोपली तर झोपू द्या. डफ वाजला की उठेल.

मायने परवा विचारले, "आता पुढचं संमेलन कुठं आहे?" मी म्हटले, लांब असले तर? ती म्हणाली, "मले तं तिकीट लागत नाही. तुहं तू पाह्य."

जयभीम.